साताऱ्याच्या राजाने गुन्हा तरी काय केला होता?

१८५० साली कंपनी सरकारचा एक मुरलेला अधिकारी, कर्नल जॉन लो, माळव्यात गेला होता. तरुणपणी ओळख झालेली बरीच मंडळी त्याला तिथे पुन्हा भेटली. आता तो त्यांचा साहेब राहिला नव्हता, त्यामुळे मंडळी मोकळेपणाने बोलली. विषय निघाला साताऱ्याचा. कंपनीने सातारचं राज्य खालसा केलं त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. लोने पुढे सरकारी टिपणात लिहून ठेवलं, की साताऱ्याबद्दल जो जो हिंदी माणूस माझ्याशी बोलला त्याने अगदी एकच प्रश्न विचारला: राजाने असा कोणता गुन्हा केला होता, की कंपनीने त्याचं राज्य घ्यावं? लोक इतकं स्पष्ट बोलत होते, की काही वेळा लोलाच त्यांना आवरावं लागलं.

हे टिपण १८५४ मधलं आहे. नागपूरचं राज्य घ्यायचं चाललं होतं आणि लो तेव्हा कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सभासद होता. म्हणजे इशारा बाहेरच्या कुणा तक्रारदाराचा नव्हता, सरकारच्या सर्वांत वरच्या बैठकीत बसणाऱ्या माणसाचा होता. टिपण वाचलं गेलं, दप्तरात लागलं आणि नागपूर खालसा झालं. तीन वर्षांनी उत्तर हिंदुस्थान पेटला.

१८५७ म्हटलं की शाळेपासून आपल्या डोक्यात काडतुसं, गाई-डुकराची चरबी आणि मंगल पांडे येतात. ते खरंच आहे. पण त्या युद्धाकडे जाणारी एक वाट साताऱ्याच्या राजवाड्यापासून निघते आणि लंडनला वळसा घालून साताऱ्याच्याच गेंडामाळावर येते, जिथे १८५७ मध्ये सतरा जणांना मारलं गेलं, हे साताऱ्यातही फार थोड्यांना माहीत असतं. ही वाट जवळपास पूर्णपणे कागदांची आहे: तह, अर्ज, टिपणं, ठराव, भाषणं. हाताशी इतके इशारे असून राज्यकर्त्यांनी ते बाजूला कसे सारले, हे समजून घ्यायला साताऱ्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तह कशाचा होता

सुरुवात १८१८ पासून करू. दुसऱ्या बाजीरावाशी युद्ध चालू असताना इंग्रजांनी फेब्रुवारीत सातारा घेतलं. कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने लगेच जाहीरनामा काढला, की छत्रपतींना पेशव्यांच्या कैदेतून सोडवून त्यांना राज्य दिलं जाईल. यात भूतदया नव्हती, हिशोब होता. मराठी सरदार आणि शिलेदार पेशव्यांसाठी लढताना मनात छत्रपतींची गादी धरून होते. ती गादी इंग्रजांच्या बाजूला आली, तर पेशव्यांच्या फौजेतला जोर निम्मा होणार. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि तरुण छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या छावणीत आले.

२५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला नीरा-भीमा, दक्षिणेला वारणा-कृष्णा आणि पूर्वेला पंढरपूर-विजापूरकडचा मुलूख, एवढं राज्य महाराजांना मिळालं. हे राज्य राजा, त्याचे वारस आणि उत्तराधिकारी यांना कायमचं दिलं, असं तहात लिहिलं होतं. मोबदल्यात दोन मोठ्या अटी होत्या. राजाने इंग्रजांशी दुय्यम नात्याने सहकार्य करायचं आणि रेसिडेंटला, म्हणजे कंपनीच्या साताऱ्यातल्या प्रतिनिधीला, न विचारता बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी किंवा व्यक्तीशी पत्रव्यवहार करायचा नाही. राज्य कायमचं देणारं कलम आणि पत्रव्यवहाराची अट, हे दोन मुद्दे लक्षात ठेवा. त्या कलमावर सातारा पुढे वर्षानुवर्षं भांडलं आणि त्या अटीवरून महाराजांची गादी गेली.

प्रतापसिंह महाराजांनी राज्य चांगलं चालवलं. यावर तेव्हाच्या इंग्रजांतही वाद नव्हता. त्यांनी साताऱ्याला पाणी आणलं, रस्ते बांधले, शाळा काढली, छापखाना काढला. रोजनिशी लिहिणारा हा राजा होता. महाबळेश्वरावर इंग्रजांना थंड हवेचं ठिकाण हवं होतं, तेव्हा खंडाळा गावाच्या बदल्यात ती जागा त्यांनीच दिली. साताऱ्याची प्रतापगंज पेठ त्यांच्या नावाची. ज्या राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला छोट्या भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं गेलं, तो वाडाही त्यांनीच बांधलेला. १८३५ च्या डिसेंबरात लंडनच्या संचालक मंडळाने त्यांच्या कारभाराची तोंडभरून स्तुती करणारं पत्र लिहिलं आणि सन्मानाची तलवार मंजूर केली. ती तलवार महाराजांच्या हातात कधीच पडली नाही.

का पडली नाही, हे समजायला कंपनीचा कारभार कसा चालायचा ते बघावं लागतं.

कागद कुठून कुठे जायचा

साताऱ्यात कंपनीचा रेसिडेंट बसे. त्याच्यावर मुंबईचा गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल. त्यांच्यावर कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल. त्याच्यावर लंडनमधलं कंपनीचं संचालक मंडळ, आणि त्या मंडळावर ब्रिटिश सरकारचं नियंत्रण मंडळ. आपल्याकडे तलाठ्याचा अहवाल प्रांत, कलेक्टर करत मंत्रालयात जातो आणि वरचा साहेब तलाठ्याच्या नजरेनेच गाव बघतो, तशीच ही गत होती. फरक एवढाच, की इथे गाव आणि मंत्रालय यांच्यामध्ये समुद्र होता. कागद लंडनला पोचून उत्तर यायला महिनोन्‌महिने लागत. तारायंत्र हिंदुस्थानात १८५० नंतर आलं.

या साखळीत खरी ताकद मधल्या माणसाकडे असते. वरून काय कळवायचं, खालून काय पोचवायचं आणि कधी पोचवायचं, हे तो ठरवतो. सातारच्या जहागिरींच्या वादात हेच घडलं. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले, वाईचे शेख मिरा, हे जहागीरदार तहाने महाराजांच्या अमलाखाली होते. पण त्यांच्या हक्कांना हमी इंग्रजांची होती. मग एखाद्या जहागिरीला वारस उरला नाही, तर ती जहागीर कुणाची? महाराज म्हणत आमची, मुंबई सरकार म्हणे आमची. संचालक मंडळाने महाराजांच्या बाजूने मत दिलं होतं. मुंबईने ते महाराजांना कळवलंच नाही.

इकडे महाराज पत्रांवर पत्रं लिहीत राहिले. मुंबईच्या दप्तरात त्यांची प्रतिमा कटकट्या माणसाची होत गेली. आपल्या हक्कासाठी वारंवार अर्ज करणारा माणूस सरकारला हळूहळू संशयित वाटू लागतो, आणि सातारच्या प्रकरणात ते टप्प्याटप्प्याने घडताना दिसतं.

एक सही

१८३६ मध्ये आरोप झाला, की महाराजांनी साताऱ्यातल्या देशी पलटणीच्या सुभेदारांना फितवायचा प्रयत्न केला. चौकशीला तीन माणसांची गुप्त समिती नेमली गेली: रेसिडेंट लॉडविक, मुंबई सरकारचा सेक्रेटरी विलोबी आणि लेफ्टनंट कर्नल ओव्हन्स. विलोबीचं नाव ध्यानात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे. महाराजांना एकदा समितीपुढे बोलावलं, त्यांनी आरोप नाकारला. पुढे आणखी दोन आरोप चिकटले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. या दोन्हींवर महाराजांचं म्हणणं कुणी रीतसर ऐकून घेतलंच नाही. पुराव्याचे कागद त्यांना दाखवले नाहीत. त्यांचे दिवाण गोविंदराव कैदेत पडले. गोविंदरावांच्या आईच्या नावाने महाराजांविरुद्ध एक अर्ज पुढे आला आणि त्या अर्जाचा लेखक भलताच होता, हे पुढे उघड झालं.

या आरोपांकडे जरा व्यवहाराने बघा. ज्याचं सैन्य तहाने मर्यादित, ज्याच्या राजधानीत इंग्रजांची पलटण, तो राजा मोडकळीला आलेल्या गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेच्या जोरावर कंपनीला हिंदुस्थानातून घालवणार होता, असं मानावं लागतं. लंडनमध्ये पुढे अनेक इंग्रजांनी हाच मुद्दा उचलला.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. त्याच्याकडे प्रकरण मिटवायचा एक कागद होता. महाराजांनी आपण तह मोडला असं मान्य करावं, पुढे नीट वागण्याचं वचन द्यावं, सही करावी आणि गादीवर राहावं. भेटी झाल्या, समजुती घातल्या गेल्या. कार्नाकच्या नजरेने ही दया होती: गुन्हा माफ, राज्य शाबूत. महाराजांच्या नजरेने पाहिलं, तर न केलेल्या गुन्ह्याचा कबुलीजबाब देऊन मिळणारं राज्य कायमचं त्या कबुलीच्या टांगत्या तलवारीखाली राहणार होतं. त्यांनी चौकशी मागितली, सही दिली नाही.

माझ्या मते सातारच्या सगळ्या इतिहासात हा सर्वांत मोठा क्षण आहे. एका सहीने सगळं वाचत होतं. वाटाघाटीत मधला मार्ग काढणं हे शहाणपण मानलं जातं, आणि बहुतेक वेळा ते असतंही. पण खोटं मान्य करणं हीच ज्या मार्गाची पहिली पायरी असेल, तो मधला मार्ग राहतच नाही. कार्नाकला हे दिसलं असतं, तर त्याने चौकशी दिली असती, आणि पुढची चौदा वर्षं लंडनमध्ये जो कालवा झाला तो टळला असता.

५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटेपूर्वी ओव्हन्सने राजवाड्यात येऊन महाराजांना ताब्यात घेतलं. त्यांना पालखीतून लिंब गावी नेण्यात आलं. बारा मोटेची विहीर बघायला आपण जातो, तेच लिंब. कसलाही प्रतिकार झाला नाही. तिथून काशीची वाट धरावी लागली. वाटेत महाराजांबरोबर निघालेले त्यांचे सेनापती बाळासाहेब वारले, आणि पुढे त्यांच्याच मुलाला महाराजांनी दत्तक घेतलं. गादीवर धाकटे बंधू आप्पासाहेब शहाजी बसले. १४ ऑक्टोबर १८४७ ला प्रतापसिंह महाराजांचा काशीत अंत झाला.

रंगो बापूजींची वकिली

मुंबई ऐकत नाही म्हटल्यावर महाराजांनी लंडनला वकील पाठवायचं आधीच ठरवलं होतं. पहिला प्रयत्न मीर अफझल अलींचा. त्यानंतर गेले रंगो बापूजी गुप्ते. शिवकाळात रोहिडखोऱ्यात महाराजांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या दादाजी नरसप्रभूंच्या घराण्यातले. ते १८४० मध्ये लंडनला पोचले आणि १८५३ अखेर तिथेच राहिले.

त्यांनी काय काम केलं, हे नेमकं समजून घेण्यासारखं आहे. संचालक मंडळाचं दार बंद होतं. ‘निकाल लागला आहे’ यापलीकडे तिथून उत्तर येत नव्हतं. पण कंपनी शेवटी व्यापारी कंपनी होती आणि तिच्या भागधारकांची सभा भरायची. ठराविक भाग ज्याच्या नावावर असतील तो भागधारक त्या सभेत उठून बोलू शके, ठराव मांडू शके. संचालकांना तिथे सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागे आणि वर्तमानपत्रांत वृत्तांत येई. रंगो बापूजींनी हीच फट हेरली. अर्ज, पुरावे, पत्रं छापून काढायची, भागधारकांना आणि खासदारांना वाटायची, आणि त्यांच्या तोंडून सातारचा प्रश्न पुन्हा पुन्हा सभेत आणायचा, असा त्यांचा उद्योग होता.

त्यांच्या बाजूने कोण उभे राहिले ते बघा. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला नामांकित वक्ता जॉर्ज थॉम्पसन. पार्लमेंटात सातारचा विषय काढणारा जोसेफ ह्यूम. पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते दोन माजी रेसिडेंट. जनरल ब्रिग्ज, ज्याने साताऱ्यात राहून महाराजांचा कारभार जवळून बघितला होता. आणि लॉडविक, १८३६ च्या त्याच गुप्त समितीत बसलेला. चौकशी करणाऱ्या तिघांपैकी एक जण उघड्यावर येऊन महाराजांची बाजू घेतो, यापेक्षा मोठा इशारा कुठलं सरकार मागेल? तरीही मतदान झालं की संचालकांचीच सरशी होई. त्यांच्या हातात नेमणुका होत्या, ओळखीपाळखी होत्या, आणि कागदपत्रंही त्यांच्याच कपाटात.

महाराज गेले, तरी रंगो बापूजी हटले नाहीत. परक्या देशात, कर्ज काढून, महाराजांच्या पत्नीसाठी आणि दत्तक मुलासाठी ते भांडत राहिले. शेवटी कर्जाचा डोंगर झाला, तेव्हा कंपनीनेच २,५०० पौंड आणि मुंबईचं फुकट तिकीट दिलं आणि ते १८५३ च्या अखेरीस निघाले. त्याच सुमारास नानासाहेब पेशव्यांचे वकील अझीमुल्ला खान वर्षाच्या आठ लाखांच्या बंद झालेल्या तनख्यासाठी लंडनला आले होते. तेही रिकाम्या हाताने परतले.

५ एप्रिल १८४८

मधल्या काळात साताऱ्यात जे झालं ते आणखी गंभीर होतं. शहाजी महाराजांना मूल नव्हतं. ५ एप्रिल १८४८ ला ते मृत्युशय्येवर होते. वेळ हातातून चालली होती. रेसिडेन्सीचा इंग्रज डॉक्टर खोलीत हजर असताना त्यांनी एका मुलाला दत्तक घेतलं आणि काही तासांत प्राण सोडला. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक मुलगा औरस मुलासारखाच. श्राद्धाचा अधिकार त्याचा, वारसाही त्याचा.

आता कंपनीपुढे प्रश्न आला: हा दत्तक गादीलाही लागू होतो का? साताऱ्यातला रेसिडेंट होता बार्टल फ्रिअर. त्याने स्पष्ट लिहिलं, की दत्तविधान कायदेशीर आहे आणि राज्य चालू राहिलं पाहिजे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क हाही तेच म्हणाला. तहात राज्य कायमचं दिलंय, वारस आणि उत्तराधिकारी म्हटलंय, मग दत्तक कसा नाकारता? म्हणजे साखळीतल्या सर्वांत खालच्या आणि त्याच्या वरच्या, साताऱ्याच्या सर्वांत जवळच्या दोन कड्या एकमुखाने खालसा करू नका म्हणत होत्या.

मग क्लार्क पायउतार झाला आणि मे महिन्यात लॉर्ड फॉकलंड गव्हर्नर म्हणून आला, मुंबईत नवखा. कौन्सिलमध्ये खालसा करण्याच्या बाजूने सविस्तर टिपण लिहिणारा कोण? तोच विलोबी, जो बारा वर्षांपूर्वी गुप्त समितीत होता. आपल्याच जुन्या निर्णयावर आपणच न्यायाधीश, असा हा प्रकार झाला. फॉकलंडने त्याचं म्हणणं उचललं.

कलकत्त्याला लॉर्ड डलहौसी जानेवारीतच गव्हर्नर जनरल म्हणून रुजू झाला होता. त्याचं ३० ऑगस्ट १८४८ चं टिपण प्रसिद्ध आहे. त्यातला युक्तिवाद सोपा करून सांगायचा, तर असा: दत्तक मुलगा खाजगी मालमत्तेचा वारस होईल, पण राज्याचा व्हायचा तर वरिष्ठ सत्तेची मंजुरी हवी. सातारचं राज्य आपणच उभं केलं, तेव्हा वारस नसेल तर ते आपल्याकडे परत येतं. आणि मुलूख किंवा महसूल मिळवण्याची अशी न्याय्य संधी आली, तर सरकारने ती वाया घालवू नये.

पुढे तो फायदे मोजतो. सातारा आपल्या मुलखाच्या ऐन मध्यावर आहे, मुंबई इलाख्याच्या दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मधे आहे, जमीन सुपीक आहे, वसूल चांगला आहे, आणि रयत बऱ्याच काळापासून शिस्तशीर कारभाराला सरावलेली, शांत आहे. मला या ओळी वाचताना दर वेळी चीड येते. ती रयत शांत होती, कारण प्रतापसिंह महाराजांनी कारभार नीट केला होता. राज्य चांगलं चालवलं, हेच राज्य घेण्याच्या कारणांत मोजलं गेलं.

लंडनमध्ये संचालक मंडळातल्या टकरसह पाच जणांनी लेखी विरोध नोंदवला. ज्याने १८१९ चा तह घडवला तो एल्फिन्स्टन तेव्हा हयात होता, निवृत्त होऊन इंग्लंडात राहत होता. सातारचं राज्य म्हणजे आपण दिलेली जहागीर, ही कल्पनाच त्याला भयंकर वाटली. तह करणारा माणूस सांगतोय की तहाचा अर्थ असा नव्हता, तरी २४ जानेवारी १८४९ च्या पत्राने मंडळाने मंजुरी दिली.

कानावर पडूनही

साताऱ्याचा पायंडा पडला आणि रांग लागली. संबळपूर, झाशी, नागपूर. झाशीत गंगाधररावांनीही मृत्यूच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्याच्या समक्ष दत्तक घेतला होता, उपयोग झाला नाही. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल खालसा करू नका म्हणाला, त्याचं ऐकलं नाही. लखनौचा रेसिडेंट स्लीमन याने तर डलहौसीला लिहिलं होतं, की ही देशी राज्यं म्हणजे लाटा अडवणारे बांध आहेत, ते सगळे वाहून गेले की आपण आपल्याच देशी फौजेच्या दयेवर राहू, आणि ती फौज नेहमी आपल्या कह्यात राहीलच असं नाही. १८५६ मध्ये अवधही घेतलं. सव्वा वर्षातच स्लीमनचं वाक्य अक्षरशः खरं झालं.

इतकी माणसं सांगत असताना ऐकलं का नाही? पैशाची गरज आणि नकाशा सलग करण्याची हौस, ही कारणं उघड आहेत, त्यावर फार वेळ घालवत नाही. मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली अशी, की इशारा देणारी माणसं जागेवरची होती आणि निर्णय घेणारी लांबची. जागेवरच्या माणसाचं मत ‘स्थानिक भावनांत गुंतलेलं’ म्हणून खोडायची एक सोय सरकारांकडे कायम असते. फ्रिअरला, मॅन्सेलला, लोला सातारकर, नागपूरकर, माळवेकर भेटत होते. डलहौसीला भेटत होती फक्त टिपणं.

दुसरी गोष्ट मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटते. १८३९ मध्ये सातारा उठलं नाही. १८४८ मध्येही उठलं नाही. छत्रपतींच्या घराण्याने तलवार न उचलता वकील पाठवला, अर्ज केले, कायद्याने भांडले. सरकारने त्या शांततेचा अर्थ लावला, की लोकांना फारसं काही वाटत नाही. खरं तर माणूस अर्ज करतोय तोवर त्याचा सरकारच्या न्यायबुद्धीवर थोडा तरी विश्वास शिल्लक असतो. चौदा वर्षं अर्ज करणारा माणूस कर्जबाजारी होऊन बोटीत बसतो, तेव्हा तो विश्वास संपलेला असतो. लंडनच्या दप्तरात ही नोंद ‘प्रकरण मिटलं’ अशी झाली असेल. सर्वांत मोठा इशारा तोच होता आणि तो कुणाला इशारा वाटलाच नाही.

गेंडामाळ

परत आलेल्या रंगो बापूजींनी अर्ज लिहिला नाही. १८५७ च्या मे महिन्यात मेरठ-दिल्लीची बातमी आली तेव्हा सातारा-भोरच्या टापूत माणसं जमवायचं काम चालू होतं. साताऱ्यावर आणि महाबळेश्वरावर चाल करायची, गादी पुन्हा उभी करायची, असा बेत होता. जूनमध्ये पलटणीत चिथावणी दिल्यावरून मानसिंग नावाच्या परदेशी, म्हणजे उत्तर हिंदुस्थानी, माणसाला पकडून फाशी दिलं. मग धागेदोरे उलगडत गेले. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी पलटण उठली, पण साताऱ्यात उठाव होण्याआधीच धरपकड झाली. राजघराण्यातल्या स्त्रियांना साताऱ्यातून हलवलं गेलं.

८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. पाच जणांना फाशी, सहा जणांना गोळ्या, सहा जणांना तोफेच्या तोंडी. वेगवेगळ्या जातींची ही माणसं होती. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी स्वतः निसटले ते कुणाला सापडले नाहीत. फाशीचा वड आणि तिथलं स्मारक सातारकरांना माहीत आहे. पण तिथे मेलेल्यांपैकी एकाचा बाप चौदा वर्षं लंडनमध्ये सनदशीर मार्गाने न्याय मागत होता, ही जोडणी आपण मुलांना सांगत नाही, आणि ती सांगितल्याशिवाय गेंडामाळ नीट कळत नाही.

उठावाची बातमी लंडनला पोचल्यावर २७ जुलै १८५७ ला विरोधी पक्षाचा पुढारी डिझरायली याने पार्लमेंटात विचारलं, की हे नुसतं शिपायांचं बंड आहे की राष्ट्राचा उठाव? चरबीच्या काडतुसांनी साम्राज्यं पडत नसतात, असं तो म्हणाला आणि दत्तक नाकारण्याच्या धोरणावर त्याने बोट ठेवलं. रंगो बापूजी तेच सांगत होते, फक्त वेळेवर.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात आता आम्हाला आणखी मुलूख नको, असं लिहिलं गेलं. १८६२ पर्यंत लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या, म्हणजे फ्रिअर आणि क्लार्क १८४८ मध्ये जे म्हणत होते तेच धोरण झालं. सातारचं राज्य मात्र परत दिलं नाही. ज्या जहागिरींवरून महाराजांचं मुंबईशी पहिलं बिनसलं, त्यांतल्या औंध, फलटण, भोर, जत आणि अक्कलकोट यांच्या गाद्या छत्रपतींची गादी गेल्यानंतर शंभर वर्षं, थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत चालू राहिल्या.